दोन टोकांचं मुंडासं

बाईंच्या घरात पाऊल टाकल्यापासून पाच मिनिटांच्या आत मी माझ्या वडिलांच्या लुंगीचा विषय काढला. यात माझा फारसा दोष नव्हता. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधला जुलै महिना, म्हणजे हाडं गोठवणारी थंडी आणि सकाळी अकरापर्यंत जागचं न हलणारं धुकं. दोन बॅगा आणि युनिव्हर्सिटीच्या नोटिस बोर्डवरून उतरवून घेतलेला पत्ता घेऊन मी दार वाजवलं, तर दार उघडणाऱ्या पासष्टीच्या उंच, ताठ बाईंच्या डोक्यावर हुबेहूब बाबांची लुंगी. लाल, पिवळ्या, हिरव्या चौकड्यांचं सुती कापड. फक्त बाबांची लुंगी धुऊन धुऊन मऊ पडलेली असे, आणि हे कापड कपाळावर घट्ट बसवलेलं, मागून फिरवून पुढे आणलेलं, आणि वर त्याची तीन कडक टोकं उभी.

"काय बघतेयस?" चहाचा कप पुढे करत बाईंनी विचारलं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि विचारल्याबरोबर खरं सांगून टाकायची माझी खोड अजून गेली नव्हती. मी सांगितलं. मग बाईंनी लुंगी म्हणजे काय याची सविस्तर चौकशी केली. कोण नेसतं, कधी नेसतं, आत काही घालतात का. सगळं ऐकून घेतल्यावर कपात बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे मी जे डोक्यावर घेते, त्यावर तुझे वडील बसतात."

खोली मला मिळाली. माझ्याआधी तीन जण येऊन गेले होते आणि तिघांनी 'व्हॉट अ लव्हली हॅट' म्हटलं म्हणून तिघांनाही वाटेला लावलं होतं, हे मला नंतर कळलं.

बाई डॉमिनिकाच्या. डॉमिनिकन रिपब्लिकच्या नव्हेत आणि जमैकाच्या तर नव्हेतच. हा खुलासा त्या बँकेत, दवाखान्यात, बसमध्ये आणि एकदा तर दाराशी आलेल्या धर्मप्रचारकांना करत असत. पर्समध्ये कॅरिबियन बेटांचा अ‍ॅटलासातून फाडलेला नकाशा होता. घड्यांवर तो विरला होता म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. समोरचा चुकला की नकाशा बाहेर यायचा आणि बाई एका ठिपक्यावर नख ठेवायच्या. ते बेट एवढंसं, की छापताना शाई सांडली असेल असं वाटावं. "इथे," त्या म्हणायच्या, "मी इथली." समोरचा बिचारा "ओह, राइट" म्हणून मागे सरायचा.

माझ्या बाबांना मी फोनवर घरमालकीण वेस्ट इंडीजची आहे असं सांगितलं, तर ते एकदम खुशीत आले. "मग विचार की त्यांना, कुठल्या कुठल्या फास्ट बोलरला भेटल्यात!" मी विचारलं. बाईंनी सांगितलं की उन्हात उभं राहायला ज्यांना दुसरं काही कारण सापडत नाही, ते क्रिकेट खेळतात. बाबांना मी 'नाही भेटल्या' एवढंच कळवलं.

त्या तरुणपणी नर्सिंग शिकायला बेट सोडून इंग्लंडला गेल्या, तिथे एका न्यूझीलंडच्या बोटीवरच्या इंजिनियरशी लग्न झालं, आणि त्याच्या मागोमाग इथे आल्या. मी आले तेव्हा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. समोर मी त्यांना 'मिस' म्हणायचे, कारण 'आंटी' म्हटल्यावर त्यांनी "मी तुझ्या आईची बहीण आहे का?" असं विचारलं होतं. 'मिस' हे त्यांच्याकडचं. तिकडे शाळेतल्या बाईंपासून मासळीवालीपर्यंत सगळ्या मिस. मनात मात्र मी त्यांना बाईच म्हणत आले, अजूनही म्हणते.

डोक्यावरच्या त्या प्रकाराला त्यांच्या बोलीत एक नाव होतं. ते मला कधीच धड उच्चारता आलं नाही. फेटा म्हणावा तर तो लग्नातल्या मामांचा वाटतो, रुमाल म्हणावा तर अगदीच खिशातला. मी आपलं मुंडासं म्हणायला लागले. या शब्दात जरा रांगडेपणा आहे आणि तो बाईंतही भरपूर होता.

हे कापड मद्रासहून आलं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्याकडे त्याला मद्रासच म्हणतात. जुन्या काळी जहाजांतून गाठोडी यायची आणि बेटावरच्या बाया ती डोक्याला बांधायच्या. त्यामुळे भारतीय दिसणारा माणूस भेटला की बाई विचारायच्या, "मद्रासचा का?" टॅक्सी चालवणारे सरदारजी, सुपरमार्केटमधली गुजराती मुलगी, फिजीहून आलेला प्लंबर, कोणी सुटलं नाही. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी मद्रासपासून अंतर विचारलं. मी म्हटलं, रेल्वेनं जवळजवळ एक दिवस. "म्हणजे जवळच," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या हिशेबी मद्रासची झाले. मीही वाद घातला नाही. कुठलं तरी असणं बरं असतं, हे परदेशात पहिल्या वर्षी फार लवकर समजतं.

शनिवार म्हणजे खळीचा दिवस. आठवड्याची सात मुंडाशी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून ठेवायची. दुकानातला स्टार्चचा फवारा त्यांना पटत नव्हता. त्यानं टोकं दुपारपर्यंतच टिकतात, जेवणानंतर मान टाकतात, अशी त्यांची तक्रार. आमच्याकडे आई सुती साड्यांना भाताच्या पेजेची खळ घालायची. मी एका शनिवारी तशी पेज काढली, गाळली, पाण्यात सारखी केली आणि एक कापड बुडवून दाखवलं. रविवारी संध्याकाळी सात वाजता बाई माझ्या दारात आल्या. त्यांनी डोकं खाली केलं आणि मला टोकाला बोट लावायला सांगितलं. टोक टणक होतं. तेव्हापासून शनिवारची पेज माझ्याकडे लागली.

पहिल्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा लक्ष्मी रोडवरून मी त्यांच्यासाठी मुद्दाम चौकड्यांचं कापड आणलं. दुकानदारानं शंभर टक्के कॉटन म्हणून शपथ घेतली होती. बाईंनी कापड चिमटीत धरलं, गालाला लावलं, एक धागा काढून काडी लावली. धागा वितळून त्याचा मणी झाला. "यात प्लास्टिक आहे," त्या म्हणाल्या. मग मला वाईट वाटलेलं बघून त्यांनी त्या कापडाचा टोस्टरवर घालायला अभ्रा शिवला. पुढची सगळी वर्षं त्या घरातला टोस्टर झोकात राहिला.

खळ घालताना त्या आपल्या बोलीत काहीबाही पुटपुटत असत. कानाला फ्रेंच वाटे, पण फ्रेंच नव्हे. त्या बोलीत बोलायला अख्ख्या गावात त्यांना दुसरं माणूस नव्हतं, बहुधा अख्ख्या देशातही नसावं. मी एकदा म्हटलं, मला शिकवा की थोडी. आपण शनिवारी बोलू.

"नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"मग मला उत्तराची सवय लागेल."

त्या हे अगदी साधेपणानं म्हणाल्या, जसं कोणी साखर नको म्हणावं. मला मात्र त्या रात्री आईला फोन केल्याशिवाय झोप आली नाही. फोनवर मी भाजी काय केली, पाऊस पडतोय का, असलंच विचारत बसले. फक्त मराठी ऐकायचं होतं.

टोकांचा अर्थ त्यांनी मला अशाच एका शनिवारी सांगितला. इस्त्री चालू होती, तोंडात टाचण्या होत्या, म्हणून अर्धं वाक्य टाचण्यांतून आलं.

"एक टोक म्हणजे मन मोकळं आहे. दोन म्हणजे मन गुंतलेलं आहे, पण तू प्रयत्न करून बघ. तीन म्हणजे लग्न झालंय, वाट सोड."

"आणि चार?"

"चार म्हणजे जो येईल त्याला जागा आहे. माझी एक मावशी चार बांधायची. फार मजेत जगली."

"तुम्ही तीन बांधता," मी म्हटलं. आठ वर्षांचा उल्लेख करायचा की नाही ते कळेना.

"तो गेला. मी कुठे गेले?" बाई म्हणाल्या आणि इस्त्री पुढे सरकली.

मला यातली गंमत वाटली. आमच्याकडे कुंकू, मंगळसूत्र, जोडवी एवढी सगळी सामग्री असून ती एकच गोष्ट सांगते. इथे एका कापडात चार. मी विचारलं, समोरच्याला अर्थ कळलाच नाही तर?

"आमच्याकडे न कळणारा पुरुष नाही. असलाच एखादा मठ्ठ, तर शेजारची एखादी मुलगी जाऊन त्याच्या कानात सांगते. ते तिचं काम असतं. बाई स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. तोंडानं सांगायचं असतं तर एवढी खळ कशाला घातली असती?"

"पण इथे कोणाला वाचता येतं?"

बाईंनी तोंडातली शेवटची टाचणी काढली. "इतकी वर्षं मी या गावात तीन टोकं बांधून हिंडते आणि लोक म्हणतात, लव्हली हॅट," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "आता तुला येतं."

हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं.

आता कॉलिनबद्दल. कॉलिन आमचे कुंपणापलीकडचे शेजारी. गावाच्या कडेच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्याचा टँकर त्यांनी उभा जन्म चालवला होता आणि आता निवृत्त होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कडाक्याच्या थंडीतसुद्धा पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला, आणि हाफ पँट. डाव्या कानानं कमी ऐकू येई. बाईंशी बोलताना ते कुंपणाशी असे तिरके उभे राहत, की उजवा कान बरोबर बाईंसमोर यावा. बाई अर्धा अर्धा तास बोलत. इंग्लंडमधली हॉस्पिटलं, इथल्या पावट्यांची चव, सरकार. कॉलिनचा वाटा "येप" आणि "फेअर इनफ" एवढाच. रविवारी सकाळी स्वतःचं गवत कापून झालं की ते न विचारता बाईंचंही कापत आणि जाताना हात वर करून "किया ओरा, लेडीज" असा माओरी रामराम करत.

शरद ऋतूत त्यांच्या झाडाचे फीजोआ उतू जात. हिरवं, पेरूच्या जातकुळीतलं हे फळ इथे पिकायला लागलं की लोक पिशव्या भरभरून एकमेकांच्या गळ्यात मारतात. कॉलिन दर दोन दिवसांनी आमच्या फाटकाला पिशवी अडकवत. बाईंना फीजोआ मुळीच आवडत नसत. त्यांना त्यात हॉस्पिटलच्या साबणाचा वास येई. पण हे त्यांनी कॉलिनना सांगितलं नाही. पिशवी घरात यायची आणि सगळी मी खायची, असा रिवाज होता. "काल संपले सगळे, हीप्स होते, ढीगभर," असं बाई कुंपणापाशी सांगत, तेव्हा मी पोट धरून आत बसलेली असे. एवढं मोठं खोटं एवढ्या प्रेमानं बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी कॉलिनच्या मुलीनं त्यांच्यामागे टुमणं लावलं. ती क्राइस्टचर्चला, हॉर्नबी भागात राहत होती. तिच्या घरामागे एक स्वतंत्र खोली होती. बाबा, आता एकटे राहू नका, घर विका आणि इकडे या. कॉलिन जाऊ की नको करत होते. त्यांनी हे कुंपणापाशी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "क्राइस्टचर्चला थंडी फार." कॉलिन म्हणाले, "येप." मग दोघंही तिथेच उभे राहिले. मी आतून भांडी विसळता विसळता बघत होते.

त्यानंतरच्या रविवारी बाई स्वयंपाकघरात उशिरा आल्या. मी टोस्ट खात होते. त्या खिडकीकडे पाठ करून, उजेडात दिसेल अशा उभ्या राहिल्या. नव्या कापडाचं मुंडासं होतं, खळ नेहमीपेक्षा कडक. आणि टोकं दोन.

मी बघितली. एका नजरेत मोजून झाली. मन गुंतलेलं आहे, पण तू प्रयत्न करून बघ.

बाईंनी चहा ओतला. कप हातात धरून उभ्या राहिल्या, प्यायल्या नाहीत. "आज काही वेगळं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"धुकं कमी आहे ना आज," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेल्या. बाहेर कॉलिनचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं होतं.

दुपारी मी आईला फोनवर हे सांगितलं. मजा म्हणून सांगितलं. आई हसली. "आता या वयात काय सुचतंय बाई!" ती म्हणाली. मीही हसले. आई वाईट नव्हती. आम्ही दोघी अगदी साध्या, सरळ घरातल्या बायका हसतात तशा हसलो.

खरं म्हणजे लग्न जुळवणं हा आपल्याकडे घराघरातला उद्योग. इथल्या मराठी मंडळात मी पहिल्यांदा गेले, तर चहा हातात यायच्या आत दोन बायकांनी माझी उंची विचारून घेतली होती. मी स्वतः एका मैत्रिणीचं स्थळ वेलिंग्टनच्या मुलाकडे पोचवलं होतं आणि त्याचं मला भूषण होतं. कोणाच्या तरी कानात दोन शब्द घालणं हे माझ्या हाडामांसातलं काम. नेमकं याच वेळी माझं तोंड शिवलं गेलं.

तीन रविवार दोन टोकं आली. बाई मला पुन्हा काही विचारत नव्हत्या. फक्त सकाळी चहाच्या वेळी थोडं जास्त उभ्या राहायच्या.

तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, दूध आणायला गेले होते. कॉलिन पेपर आणि गरम 'पाय', म्हणजे इथली खिमा भरलेली पेस्ट्री, घेऊन बाहेर पडत होते. ते माझ्यासाठी थांबले. त्यांनी कधी नव्हे ते स्वतःहून बोलायला सुरुवात केली.

"तुझ्या मिसचं ते," ते म्हणाले आणि पेपर धरलेला हात त्यांनी स्वतःच्या टकलावर नेला. "आधी तीन असायची. टोकं. गेले तीन रविवार दोन आहेत. मला वाटलं, माझीच मोजण्यात चूक होतेय. याचा काही अर्थ असतो का?"

ते उजवा कान माझ्याकडे करून उभे होते. हातातल्या पायची कागदी पिशवी तुपकट होत चालली होती. त्यांना उत्तर हवं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय घराच्या दलालाला फोन करायचा नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"छे हो," मी म्हणाले. "अर्थ कसला! कापड आटलं असेल."

कॉलिन म्हणाले, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत 'बरं, ठीक', आणि जँडल्स फटफटवत घरी गेले.

मी असं का केलं, याची उत्तरं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला दिली. पहिलं उत्तर असं, की मी बाईंची अब्रू सांभाळली. उद्या कॉलिन हसले असते तर? लोकांना कळलं असतं तर? हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं, कारण ते आपल्याकडचं होतं आणि मळखाऊ होतं. पण ते खोटं होतं. खरं एवढंच, की मला त्या घरात तिसरं माणूस नको होतं. शनिवारची पेज, टोस्टरचा अभ्रा, माझ्या नावाचा कप, संध्याकाळी "आलीस का?" म्हणून विचारणारं एक माणूस. सातासमुद्रापलीकडे एवढंच माझं होतं आणि ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. माझा एकटेपणा जावा म्हणून मी त्यांचा ठेवून दिला. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते.

कॉलिनचं घर महिन्याभरात विकलं गेलं. सामानाचा ट्रक आला त्या दिवशी रविवार नव्हता, तरी बाईंनी रविवारचं कापड बांधलं होतं. टोकं दोनच. त्या कुंपणापाशी गेल्या. कॉलिननी फीजोआंची शेवटची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि हस्तांदोलन केलं. बाई थंडीबद्दल काहीतरी म्हणाल्या. कॉलिन "येप" म्हणाले. ट्रकच्या मागोमाग त्यांची गाडी वळली आणि बाई पिशवी घेऊन आत आल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतः फीजोआ खाल्ले. चमच्यानं कोरून, टेबलाशी बसून, एकामागून एक सगळे. मला एकही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी टोकं पुन्हा तीन झाली. बाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आमचं बाकीचं सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं आणि तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती.

पुढे माझं शिक्षण संपलं, 'ते रापा'च्या त्याच दूध कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, लग्न झालं, मी गावातच दुसरीकडे राहायला गेले. शनिवारी जमेल तशी जात राहिले. हॉर्नबीहून ख्रिसमसला कार्ड यायचं. त्यात छापील मजकुराखाली फक्त 'कॉलिन' लिहिलेलं असे. बाई ते फेब्रुवारीपर्यंत खिडकीत ठेवत. मग एका वर्षी कार्डाऐवजी कॉलिन गेल्याचं त्यांच्या मुलीचं पत्र आलं. बाईंनी ते मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना त्या बागेत गेल्या. त्या दिवशीही मी काही बोलले नाही. बोलायची वेळ टळून गेलीय, असं मी स्वतःला सांगितलं.

आता बाई ऐंशीच्या पुढे आहेत. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुबा मोडला, आणि घर सोडून वृद्धाश्रमात आल्या. हात खांद्याच्या वर जात नाहीत, त्यामुळे मुंडासं सुटलं. पांढरे, बारीक कापलेले केस मी पहिल्यांदाच पाहिले. मी बांधून देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्यानं बांधलेलं खोटं बोलतं." तिथल्या मुली प्रेमळ आहेत. पण त्यांच्या दृष्टीनं बाई म्हणजे सात नंबर खोलीतल्या जमैकन आजी. बाईंनी नकाशा बाहेर काढणं बंद केलंय. मला याचं फार वाईट वाटतं, मुंडासं सुटल्यापेक्षाही.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी त्यांना सगळं सांगितलं. काही ठरवून गेले नव्हते. त्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "त्या वर्षी मी दोन बांधली होती. तुला आठवतं?" कोणीही बघितलं नाही, असं काहीतरी त्या पुढे म्हणणार होत्या. ते मला ऐकवणार नव्हतं. मी मध्येच बोलायला लागले. डेअरी, पेपर, पाय, कॉलिनचा प्रश्न, माझं उत्तर. त्या मला हाकलून देतील याची मी तयारी ठेवली होती. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

बाईंनी खिडकीवरून मान वळवली.

"त्यानं मोजली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तू काही न सांगता? स्वतःहून?"

"हो, मिस. स्वतःहून."

"पुन्हा सांग. शब्द गाळू नकोस."

मी पुन्हा सांगितलं. गेले तीन रविवार, या शब्दांपाशी त्यांनी मला थांबवलं. "तीन म्हणाला? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे पहिल्याच रविवारी बघितलं त्यानं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. मी रडत माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे न बघता हात झटकला. "माफी तुझ्यापाशीच ठेव. पुढच्या गुरुवारी ये आणि पुन्हा सांग."

तेव्हापासून दर गुरुवारी कारखान्यातून सुटल्यावर मी जाते. बाईंना सकाळचं जेवण आठवत नाही, पण ही गोष्ट अक्षर न् अक्षर पाठ आहे. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी पदरचं घातलं, की विचारताना कॉलिनचा आवाज जरा कापत होता. "नव्हता," त्या म्हणाल्या. "कॉलिनचा आवाज कधी कापला नाही. झालं तेवढंच सांग." म्हणून मी झालं तेवढंच सांगते. कॉलिन थांबले. हात टकलावर नेला. आधी तीन असायची, म्हणाले. बाई डोळे मिटून ऐकतात आणि बोटांनी गुडघ्यावर मोजतात.

इथून पुढे मी 'स्वीट अ‍ॅज'वर उडी मारायला बघते. दर वेळी बघते. बाई डोळे उघडतात.

"मध्ये राहिलं," त्या म्हणतात. "त्यानं विचारल्यावर तू काय म्हणालीस?"

आणि दर गुरुवारी, त्यांच्या डोळ्यांत बघत, मी सांगते की मी म्हणाले, कापड आटलं असेल.